पायरीवरची आक्का

आक्का आमच्या दुकानात कधी आत बसल्या नाहीत. बेळगावच्या वडगावात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत साड्यांचं दुकान आहे आणि मागच्या बाजूला आठ माग. दुकानात पांढरी गादी, तक्के, डोक्यावर पंखा आणि खास आक्कांसाठी मी शहापुरातून आणलेली एक फिरती खुर्ची. सल्ला देणाऱ्या माणसाला फिरती खुर्ची लागते अशी माझी समजूत होती. ती खुर्ची शेवटपर्यंत कोरी राहिली. पुढं पुढं तिच्यावर मांजर झोपायला लागलं. आक्का बसायच्या ते बाहेर, दगडी पायरीवर, गिऱ्हाइकांनी काढून ठेवलेल्या चपलांच्या शेजारी.

आत आलेली बाई काही न घेता पायरी उतरली, की आक्का उठायच्या, छत्री काखेत धरायच्या आणि तिच्याबरोबर चार पावलं चालत जायच्या. साडी घेऊन जाणाऱ्या बाईकडं त्या बघायच्यासुद्धा नाहीत. म्हणायच्या, "घेऊन गेली तिला काय इचारायचं? तिनं सांगितलंच की. न घेता गेली तिच्याकडं सांगायला काहीतरी असतंय." मार्केटिंग कन्सल्टंट म्हणून त्यांनी जे काही आयुष्यभर केलं, त्याचं सगळं भांडवल ही चार पावलं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण एक दिवस आक्का स्वतः आमच्या पायरीवरून रिकाम्या हातानं उठून गेल्या आणि मी गादीवरून उठलो नाही. पुढं जे लिहितोय ते सगळं त्या न उठण्यामुळं.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच गोष्ट यायची, ती म्हणजे विणणं. विकणं व्यापाऱ्याचं काम. तो महिन्यातून एकदा येणार, थप्पी उचलून नेणार, आणि आमची साडी कुठल्या गावात कुठल्या नावानं नेसली जाते हे आम्हाला कधी कळणार नाही. टाळेबंदीनंतर व्यापारी यायचा बंद झाला. एकेक करत चार माग थांबले. आमच्या हिनं त्यांच्यावर जुनी पलंगपोसं टाकली, आजारी माणसाला पांघरूण घालावं तशी. गल्लीतल्या एकानं माग भंगारात दिले होते. तोच भंगारवाला आमच्याही दारात येऊन, आत डोकावून गेला. आमचे वडील, आप्पा, तेव्हा ऐंशीच्या घरात होते. ते एवढंच म्हणाले, "उरलेलं चार बी थांबलं की मला सांगू नका. माझं मला कळंल." मागाच्या खटखटीशिवाय त्यांना झोप लागत नव्हती. ती खटखट त्यांच्या हयातीत थांबू द्यायची नाही, एवढीच माझी त्या वेळची महत्त्वाकांक्षा.

महत्त्वाकांक्षी माणूस पहिल्यांदा जे करतो ते मी केलं, म्हणजे शहाण्यांना विचारलं नाही. पुढच्या खोलीत दुकान काढलं आणि लांबच्या शहरातल्या एका जाहिरात कंपनीला फोन केला. त्यांनी आमचं दुकान न बघता त्याला एक सुंदर नाव दिलं, त्याचा अर्थ मला अजून माहीत नाही. गुलाबी बोर्ड पाठवला, त्यावर केस मोकळे सोडलेल्या बाईचा चेहरा. पहिल्या आठवड्यात आमच्याकडं अकरा बाया आल्या. त्यातल्या नऊ भुवया कोरून घ्यायला.

आमची एक मावसबहीण पिरनवाडीत पापड करते. तो बोर्ड बघून ती पोट धरून हसली आणि मग म्हणाली, "अण्णा, आमच्या आक्कांना बोलव. निपाणीच्या हाईत. माझं पापड त्यांनीच चालवलं." मी विचारलं, त्यांची कंपनी कुठली? तर म्हणाली, कंपनी नाही, ऑफिस नाही. त्या आणि त्यांची छत्री, बस्स. पुण्यात मोठ्या कंपनीत बरीच वर्षं होत्या, आई एकटी पडली म्हणून निपाणीला परत आल्या आणि आता सुटी, फ्रीलान्स कामं घेतात. आप्पांनी फ्रीलान्स शब्दाचा अर्थ विचारला. मला नीट सांगता येईना. त्यांचं त्यांनीच ठरवलं, "म्हंजे रोजगारी. काम आसंल तवा यायचं, संपलं की जायचं." पुढं आक्कांना हे कळल्यावर त्यांना हा अर्थ फार आवडला. कुणी विचारलं की त्या सांगायच्या, मी रोजगारी हाय.

पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून, नवी वही उघडून बसलो होतो. पोहे झाले होते. निपाणीच्या बसनं उतरून आक्का आल्या. पन्नाशीच्या आसपासच्या, किडकिडीत, सुती साडीखाली कॅनव्हासचे बूट. बूट काढून आत आल्या, पाणी प्यायल्या, पैशांचं आणि दिवसांचं बोलणं दोन वाक्यांत उरकलं आणि बाहेर जाऊन पायरीवर बसल्या. संध्याकाळपर्यंत तिथंच. मी तीनदा जाऊन विचारलं, काही माहिती हवी का, आमचा इतिहास सांगू का? म्हणाल्या, "नको. तुमचा इतिहास कळला की मी तुमची झाले. मग मला काय दिसणार?" शेजारच्या किराणावाल्यानं हळूच येऊन विचारलं, कोण पाहुण्या रुसून बसल्यात काय.

त्या दिवशी सात बाया रिकाम्या गेल्या. सातही जणींबरोबर आक्का कोपऱ्यापर्यंत चालल्या, कुणाशी मराठीत, कुणाशी कन्नडात बोलत. परत येऊन पुन्हा पायरीवर. मी एकदा म्हणालो की आक्का, त्यातल्या बऱ्याच जणी नुसत्या बघायला आलत्या, मला त्या स्वतः म्हणाल्या, असंच आलतो म्हणून. आक्कांनी एका चपलेच्या जोडाकडं बोट दाखवलं. टाच झिजलेली, वर लाल माती. "ही बाई कंग्राळीकडनं दोन बस बदलून आली, पुढं चालत आली. असंच कोन येत न्हाय, अण्णा. असंच आलते म्हणणारं माणूस सगळ्यात जास्त गरज घेऊन आलेलं असतंय. त्याला फक्त मागता येत न्हाय." निपाणीत एका चपलांच्या दुकानाचं काम करताना ही नजर मिळाली, असं त्यांनी सांगितलं. चपलेच्या दुकानात शिकलेलं साडीच्या दुकानात, साडीच्या दुकानातलं पापडाला, पापडातलं खानापूरच्या काजूवाल्याला. दहा घरचं पाणी प्यायलेलं माणूस घेतल्याचा हा फायदा मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. पण चार पावलांची विद्या कुठल्या कॉलेजात शिकवतात असं विचारल्यावर त्या हसल्या. "लई जुन्या कॉलेजात," म्हणाल्या आणि विषय बदलला.

संध्याकाळी त्यांनी बोटांवर हिशेब सांगितला. सातातल्या पाच जणींना साडी आवडली होती. पाचही जणी एकच म्हणाल्या: साडी बरी होती, पण त्या आजोबांनीच दाखवलं की तिच्यात खोट आहे.

मी खाली बघितलं, कारण हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणजे इतकं माहीत होतं की दिसत नव्हतं. आप्पा साडी उलगडली की आधी बोट नेऊन खोटीवर ठेवायचे. इथं धागा जोडलाय, इथं काठ एका सुतानं दबलाय. त्यांचं सगळं आयुष्य व्यापाऱ्यासमोर गेलेलं. व्यापारी कापड उजेडात धरून खोट शोधणार आणि चारचौघांत बोलणार. त्याआधी आपणच दाखवली की विणकराची मान ताठ राहते, हे त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं. मीही तसंच करायचो. आमच्या गल्लीत सगळेच करतात. कंग्राळीहून दोन बस बदलून लेकीच्या लग्नाची साडी घ्यायला आलेल्या बाईला आम्ही व्यापारी समजत होतो.

आप्पांना हे सांगायचं कोण? मी पाण्याचा तांब्या आणायच्या निमित्तानं आत निघालो. आक्का पायरीवरून उठून उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि त्यांनी सरळ सांगितलं. आप्पांचा चेहरा उतरला. "म्हंजे खोट झाकायला सांगताय व्हय, आक्का?"

"न्हाय आप्पा. खोट दाखवायचीच. पण आधी पदर दाखवा, मग खोट. दारात पाव्हणं आलं तर आपण आधी पाणी देतो की घरातलं रडगाणं सांगतो?"

आप्पांनी शेजारची साडी ओढली, आणि हात सवयीनं खोटीकडं निघालेला मधेच थांबवून पदर उलगडला. मी त्यांचा मुलगा. तीस वर्षं त्यांच्या शेजारी बसलो होतो. हे मी त्यांना बोललो असतो तर चार दिवस जेवले नसते. आणि बोललो नसतोच, कारण मला ते कधी दिसलंच नव्हतं. रात्रंदिवस सुताच्या वासात राहणाऱ्याला सुताचा वास येत नाही. आत येऊन एकदम "हा कसला वास?" विचारणारं माणूस बाहेरूनच यावं लागतं.

पुढच्या महिन्यात त्यांनी प्रत्येक साडीला एक चिठ्ठी लावायला सांगितली, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड: साडी कुणी विणली, आणि धाग्याची जोडगाठ कुठं आहे. मी म्हणालो, आक्का, जगात कुणी आपली खोट छापून देतं काय? म्हणाल्या, तुमचे आप्पा जे तोंडानं आधी सांगत होते तेच आता चिठ्ठी नंतर सांगेल. त्या चिठ्ठीनं काय झालं ते ऐका. बाया घरी जाऊन ती गाठ शोधायला लागल्या. कोल्हापूरहून, हुबळीहून फोन यायला लागले, की गाठ सापडली, निऱ्यांत डावीकडं आहे. आमच्याकडं तीसेक वर्षं माग चालवणारे एक यल्लाप्पा आहेत. त्यांची बायको एक दिवस आली आणि चिठ्ठीवरचं नवऱ्याचं नाव दोनदा वाचून घेतलं. रेशन कार्डाशिवाय ते नाव तिनं कुठं छापलेलं बघितलं नव्हतं. ती चिठ्ठी कनवटीला लावून गेली. आक्का तिच्याबरोबरही चार पावलं चालल्या, पण त्या दिवशी परत आल्यावर बोटांवर काही मोजलं नाही.

त्यांचं सगळंच बरोबर निघायचं असं नाही. गुलाबी बोर्डावरची बाई उतरवून त्यांनी आमच्याच घरातल्या बायांचे साडी नेसून फोटो काढायला लावले. कल्पना उत्तम होती. पण आमच्या कंग्राळीच्या आत्याचा फोटो मोबाइलवर सगळ्या पाव्हण्यांत फिरला आणि तिची जाऊ सहा महिने आमच्याशी बोलली नाही, कारण फोटोसाठी तिला विचारलं नव्हतं. आक्कांनी चूक कबूल केली. "पाव्हण्यांचं राजकारण माझ्या अभ्यासात न्हवतं," म्हणाल्या, आणि स्वतः कंग्राळीला जाऊन त्या जावेचाही फोटो काढून आल्या. मग दोघी जावा पाव्हण्यांत तोंड भरून आमच्या साड्यांचं नाव सांगत फिरल्या.

वर्षभरात पलंगपोसं निघाली. आठही माग चालू झाले त्या दिवशी आप्पा दुपारचे झोपले ते चहालाच उठले. मी भारावून आक्कांना म्हणालो की तुम्ही आता कायमच्या या, मॅनेजर म्हणून, महिन्याचा पगार घ्या, खुर्ची आहेच. मांजर पण आहे.

आक्कांनी मान हलवली. "पगार घेतला की आप्पांना न्हाय म्हणता येणार न्हाय. तुम्हालाबी. मी बाहेरची हाय म्हणून चालतंय, अण्णा. ज्याचं त्याला जमाय लागलं की सल्ला देणाऱ्यानं उठावं." आणि खरंच, महिन्यातून दोनदा यायच्या त्या एकदा यायला लागल्या, मग सणासुदीच्या आधी तेवढं. पिरनवाडीला असंच, खानापूरला असंच. दहा-बारा घरं त्यांनी चालती केली आणि एकाही घरात त्या आत बसल्या नाहीत. मला तेव्हा हे फार थोर वाटायचं. त्या संध्याकाळच्या बसनं निपाणीला एकट्या परत जातात, हे त्यात मी धरलं नव्हतं.

त्यांच्याबद्दल आम्हाला काय माहीत होतं? बिनसाखरेचा चहा. निपाणीत आई. लग्नाचं आमच्या हिनं एकदा विचारलं, तर "राहिलं ते राहिलं, वैनी," एवढंच. बाकी विचारलंच नाही. त्यांनी आमचं सगळं विचारलं. आम्हाला वाटलं, हा त्यांच्या कामाचा भाग आहे आणि आमचं काम उत्तरं द्यायचं.

गेल्या लग्नसराईतली गोष्ट. दुकान भरलेलं होतं. मी मोबाइल एका काठीला लावून, त्याच्यासमोर साड्या उलगडून दाखवत होतो आणि लांबलांबच्या बाया बघत होत्या. ह्या कामात मी भलताच तयार झालो आहे असं माझं मत होतं. केसांना रंगही लावला होता. मधेच दारात बघितलं तर पायरीवर आक्का. त्यांचा यायचा दिवस नव्हता. मी गादीवरूनच ओरडून विचारलं, "काय आक्का, आज कसं काय?"

त्या म्हणाल्या, "काय न्हाय. असंच आलते."

मी खूश झालो. खरं सांगतो, मला वाटलं, बरं झालं, गर्दी बघतील. मी आवाज वाढवला, पदर जरा जास्तच झोकात उलगडला, मास्तर मागच्या बाकावर येऊन बसल्यावर पोरगं पाढे म्हणतं तसा. आक्का बघत होत्या, हसत होत्या. त्यांच्या पिशवीतून एका मोठ्या खाकी पाकिटाचं टोक बाहेर आलं होतं. मला वाटलं, कुणाच्यातरी जाहिरातीची चित्रं असतील. पायांत नेहमीचे बूट नव्हते, पट्ट्याच्या सैल चपला होत्या, आणि पाय सुजलेले. हे सगळं मला दिसलं. दिसलं म्हणून तर आज सांगता येतंय. चपला बघायला त्यांनीच शिकवलं होतं, आणि मी बघून सोडून दिल्या.

थोड्या वेळानं आमची ही आत आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "आक्का निघाल्या वो. चहा अर्धा तसाच ठेवलाय. जावा की मागनं."

मी म्हणालो, "गिऱ्हाईक हाय गं. राती फोन करतो."

दारातून बघितलं तेव्हा आक्का कोपऱ्यावर पोचल्या होत्या. पिशवी खांद्याला, एक हात रिकामा, दुसऱ्या हातात छत्री, टेकत टेकत. कोपरा म्हणजे आमच्या पायरीपासून चाळीस पावलं. मला चारच चालायची होती, त्या थांबल्या असत्या.

रात्री फोन राहिला. दुसऱ्या दिवशी केला तर उचलला नाही. मी मोबाइलवर लिहिलं की आक्का, काल बोलणं झालं नाही, कधी येताय? त्यांनी अंगठा उंचावल्याचं चित्र पाठवलं. मी त्याचा अर्थ सगळं ठीक असा घेतला. लोक आपल्याला सोयीचा तेवढाच अर्थ घेतात हे आक्का मला नेहमी सांगायच्या, गिऱ्हाइकांच्या बाबतीत.

बातमी पावसाळ्याच्या तोंडाला आली, मावसबहिणीकडून, आणि तिला निपाणीच्या चपलांच्या दुकानदाराकडून. बारावंसुद्धा होऊन गेलं होतं. आम्हाला कोण कळवणार? आम्ही त्यांचे कुणीच नव्हतो. बेळगावातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्यांना आजाराचं निदान झालं होतं, आणि मावसबहिणीनं सांगितलेला दिवस मी मनात जुळवून बघितला. त्याच दिवशी तो खाकी लिफाफा घेऊन त्या हॉस्पिटलातून सरळ आमच्या पायरीवर आल्या होत्या. बसस्टँड दुसऱ्या दिशेला आहे. आधी पदर, मग खोट, असं आम्हाला शिकवलेल्या बाईंनी आम्हाला पदरच दाखवला. पुढचं आम्ही विचारायचं होतं.

आप्पांना सांगितलं. त्यांनी हातातली साडी घडी करून बाजूला ठेवली. माझ्याकडं न बघता म्हणाले, "येवढं शिकवलं तिनं तुला. आणि तू गादीवरनं उठला न्हाईस."

मी निपाणीला गेलो. दुखवट्याचं घर, म्हणून हातात काही नेलं नाही. तंबाखूच्या जुन्या वखारींच्या मागं दोन खोल्यांचं घर. दारात पायरी, पायरीवर कॅनव्हासचे बूट तसेच. त्यांच्या शेजारी मी माझ्या चपला काढल्या. आत त्यांची आई होती, पार वाकलेली, पण नजर तीच, माणसाच्या पायांपासून सुरू होणारी. कोण म्हणून विचारलं. मी काय सांगणार? म्हणालो, वडगावचा, आक्कांचं गिऱ्हाईक.

म्हातारीनं पाणी दिलं. मग तीच बोलत राहिली. आठवडी बाजारात ती लाल मिरच्या विकायची, पाठीशी ही पोर बसलेली. भाव विचारून कुणी पुढं गेलं की म्हातारी मिरच्यांची बुट्टी तशीच टाकून उठायची, त्या बाईबरोबर चार पावलं जायची आणि विचारायची, बाई, तुला काय पायजे हुतं? कुणाला तिखट कमी पायजे असायची, कुणाला पावशेरच पायजे असून मागायची लाज. "पोरगी हसायची मला. मिरच्या कोन चोरून नेईल म्हणायची. पुण्यात शिकली-सवरली आणि शेवटी त्येच केलं." जुनं कॉलेज मला तेव्हा सापडलं.

मी धीर करून विचारलं, बेळगावच्या त्या दिवशी परत आल्यावर आक्का काही बोलल्या का? म्हातारी आठवू लागली. "उशिरा आली. इचारलं, कुठं गेलतीस गं? तर म्हणाली, वडगावात गेलते आई, दुकान भरलेलं बघून आले. लई खूस हुती त्या दिशी."

मला तिथं बसवेना. दहा गोष्टी सांगायच्या ठरवून गेलो होतो: गाठीची चिठ्ठी, आठ माग, आप्पांची दुपारची झोप, आणि न उठल्याबद्दल जे काही म्हणतात ते. त्यातली एकही तोंडातून आली नाही. येतो म्हणालो, चपला घातल्या आणि रस्त्याला लागलो.

मागून काठीचा आवाज आला. मी वळलो. म्हातारी पायरी उतरून, अनवाणी, माझ्यामागून चालत येत होती. जवळ येऊन थांबली, दम घेतला, माझ्या रिकाम्या हातांकडं बघितलं.

"काय पायजे हुतं रं तुला?"

मी म्हणालो, "काय न्हाय, आई. असंच आलतो."

तिनं काठी दोन्ही हातांत धरून जमिनीवर टेकली.

"असंच कोन येत न्हाय, लेकरा," म्हणाली, आणि रस्त्यात तशीच उभी राहिली, मी सांगेपर्यंत.